‘हवा’ या शब्दाविरुद्ध माझी तक्रार

या दिवाळी अंकासाठी लेख मागताना संपादकांनी ‘नोकरीतल्या गमतीजमती, थोडक्यात आणि हलक्याफुलक्या’ अशी अट घातली आहे. थोडक्यात ही अट मी शक्यतो पाळीन. हलक्याफुलक्या या अटीला माझी हरकत आहे, आणि ती आरंभीच नोंदवून ठेवतो, म्हणजे मागाहून वाद नको.

मी ओमानमध्ये आधी रुसैलच्या कारखान्यांत आणि नंतर बरीच वर्षे सोहारच्या औद्योगिक पट्ट्यात गॅस टेस्टर होतो. पुण्यातल्या माझ्या काही नातेवाइकांची अजूनही अशी समजूत आहे की मी परदेशात स्वयंपाकाच्या सिलिंडरांची गळती तपासत असे. ही समजूत पत्राने दूर करण्याचा मी प्रयत्न केला. पत्राला उत्तर आले नाही. घरच्या शेगडीचा वास येतो, जरा बघता का, अशी विचारणा मात्र दर सुट्टीत होते. तेव्हा एकदा सर्वांसाठीच सांगतो.

कारखान्यात टाक्या असतात, भट्ट्या, मोठाले नळ, खड्डे आणि गटारे असतात. कधी ना कधी माणसाला त्यांच्या आत उतरावे लागते. आत काय भरले आहे ते डोळ्यांना दिसत नाही, आणि त्यातले जे सर्वांत घातक, त्याला बहुधा वासही नसतो. म्हणून माणसाच्या आधी एक लांब नळी आत जाते. नळीच्या मागे मीटर असतो आणि मीटरच्या मागे मी. वर, मध्ये आणि तळाशी अशा तिन्ही ठिकाणी तपासायचे, कारण काही वायू छताला जाऊन बसतात आणि काही तळाशी दबा धरून राहतात. प्राणवायू पुरेसा आहे, विषारी काही नाही, पेट घेणारे काही नाही, असे दिसले तरच प्रवेशाच्या परवान्यावर माझी सही. सही नाही तर प्रवेश नाही.

नाही म्हणणे हा ज्याचा व्यवसाय, त्याला जेवायला कोणी बोलावत नाही. कामाची टोळी उन्हात ताटकळत उभी असे, क्रेन भाड्याने आणलेली असे, आणि सुपरवायझर माझ्या कानाशी येऊन म्हणे, “साहब, पूरा गँग धूप में खडा है. आप का मीटर कब खलास होगा?”

मी म्हणत असे, “मीटर खलास नहीं होता. आदमी होता है.”

त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतेच बोले. अशी कामापुरते बोलणारी माणसे मी मोठ्या संख्येने जमवली. संध्याकाळी खोलीवर येऊन मी पत्नीला फोन करत असे. तिचे दिवसभराचे सांगून झाले की ती विचारी, “तुमच्याकडे काय विशेष?” माझ्या कामात काही विशेष न घडणे हेच यश असल्यामुळे मी “काही नाही” म्हणत असे. वर्षानुवर्षे ‘काही नाही’ ऐकल्यावर माणूस विचारायचे सोडून देतो, हे मला फार उशिरा समजले. उरलेल्या वेळात मी पत्रे लिहीत असे: कंपनीला, वर्तमानपत्रांना, इमारतीच्या मालकाला, इकडच्या आपल्या मराठी मंडळाला. पत्र लिहिणाऱ्याला निदान उत्तराची वाट तरी पाहता येते.

आता ज्या गृहस्थामुळे हा व्यवसाय माझ्या दृष्टीने व्यवसायापेक्षा मोठा झाला, त्याच्याकडे वळतो.

सुमारे चार शतकांपूर्वी ब्रसेल्सकडे एक वैद्य आणि रसायनज्ञ होऊन गेला. नव्या कामगारांच्या माझ्या वर्गाची सुरुवात मी त्याच्यापासून करत असे. त्याचे नाव वर्गात कोणालाच धड उच्चारता येईना, खरे तर मलाही येईना. म्हणून कामगारांनी त्याला ‘बुढ्ढा’ म्हणायला सुरुवात केली. ते मलाही पाठीमागे ‘बुढ्ढा’च म्हणत, त्यामुळे कोणता, असा खुलासा वारंवार मागावा लागे.

या वैद्याने पुष्कळ लोणारी कोळसा जाळला आणि उरलेली राख तोलली. राख मूठभर निघाली. मग बाकीचा कोळसा गेला कुठे, असा प्रश्न त्याने विचारला. हा प्रश्न त्याच्या आधी कोणी विचारला नव्हता असे नाही, पण ‘हवेत विरला’ या उत्तरावर इतर जण समाधानी होते. याने ते उत्तर नाकारले. त्याचे म्हणणे असे, की कोळशातून काहीतरी निघाले, ते हवेसारखे दिसते, पण ते हवा नव्हे. द्राक्षांचा रस आंबताना बुडबुड्यांतून वर येते ते तेच, आणि काही गुहांत शिरलेला माणूस बाहेर येत नाही तोही त्याच्यामुळेच. ते भांड्यात कोंडून ठेवता येत नाही असे वाटून त्याने त्याला ‘रानटी’ म्हटले. आणि या हवेसारख्या पण हवा नसलेल्या सगळ्या पदार्थांसाठी एक नवा शब्द घडवला. ग्रीक लोक विश्वाच्या आरंभीच्या गोंधळाला जो शब्द वापरत, त्याच्यावरून तो घेतला असे मानतात. तो शब्द म्हणजे गॅस.

माझ्या मते त्याचे सर्वांत मोठे काम हेच. तोपर्यंत सगळे हवाच होते: चांगली हवा, वाईट हवा, दूषित हवा. आडनाव बदले, नाव तेच. त्याने प्रथमच म्हटले, की या वेगवेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांना वेगळ्या नावांनी हाक मारा. त्याच्याही चुका झाल्या. त्याच्या त्या रानटी वायूच्या नावाखाली दोन-तीन निरनिराळे वायू दडलेले होते, हे नंतरच्यांनी दाखवले. घामट सदरा आणि गहू एकत्र ठेवले की उंदीर उत्पन्न होतात असेही त्याने लिहून ठेवले आहे. कोळशाच्या धुराने तो स्वतः एकदा मरता मरता वाचला. धर्मपीठाने त्याच्या एका लेखनावरून त्याला चौकशीत अडकवले, घरात नजरकैदेत ठेवले, आणि त्याचे बहुतेक लेखन त्याच्या मुलाने त्याच्यामागे छापले. एका खोलीत बसून, कोणी वाचील की नाही याची खात्री नसताना, मुद्देसूद लिहीत राहणाऱ्या माणसाविषयी मला आपुलकी वाटते. कारण सांगत बसत नाही.

रुसैलमध्ये असताना त्याची एकदा प्रत्यक्ष भेट झाल्यासारखे वाटले. तिथे खजुराचा रस आंबवून शिरका, म्हणजे व्हिनेगर, करणारा एक छोटा कारखाना होता. त्याचे ओमानी मालक, म्हणजे कामगारांचे अर्बाब, वयाने माझ्याहून मोठे, पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा घालणारे आणि अत्यंत विनोदी. रिकामी केलेली टाकी साफ करायला माणसे उतरायची होती आणि मी ती थांबवली.

अर्बाब मोडक्या हिंदीत म्हणाले, “हवा अल्लाह का है. तुम्हारा परमिट क्यों?”

मी म्हटले, “अर्बाब, अल्लाह का हवा बाहर है. अंदर खजूर का है.”

पेट घेणारे काही आत नाही याची मीटरवर खात्री करून घेतली आणि दोरीला बांधून एक पेटता कंदील टाकीत सोडला. अर्ध्यावर गेल्यावर कोणीतरी फुंकर मारावी तशी ज्योत गेली. अर्बाब खो खो हसले. “फिर से,” म्हणाले. पुन्हा सोडला, पुन्हा गेली. “फिर से!” मग त्यांनी कंदील स्वतःच्या हाताने सोडला, ज्योत गेली, आणि या वेळी ते हसले नाहीत. विझलेला कंदील वर ओढून त्यांनी टाकीच्या काठावर ठेवला. मग म्हणाले, “मेरा भाई का लडका पिछला साल इस में उतरा. चक्कर आया, बाहर खींचा. हम बोला, रोजा था इसलिए.”

पुढे अनेक वर्षे त्यांच्याकडून मला खजूर येत असे. ‘नाही’ म्हटल्याबद्दल मला मिळालेली ती एकमेव भेट.

या प्रसंगातून मला माझा शत्रू सापडला. मराठीत हवा, हिंदीत हवा, उर्दूत हवा, बंगाल्यांचा ‘हाओआ’ तसाच, आणि अरबीतही हवाच! अनेक देशांची माणसे जिथे एकमेकांचे बोलणे निम्मेशिम्मे समजून घेतात, तिथे हा एक शब्द सर्वांना पूर्ण समजतो असे सर्वांना वाटते. पंख्याने आत ढकलली जाते ती हवा. कॉम्प्रेसरमधून येते तीही हवा. आणि सिलिंडरमधून नायट्रोजन किंवा आर्गन सोडतात, त्यालाही सगळे बिनदिक्कत म्हणतात, ‘हवा छोड दिया’. हा शब्द कामाच्या जागी वापरण्यास मनाई करावी, प्रत्येक वायूला त्याच्या नावाने संबोधणे सक्तीचे करावे, अशी लेखी मागणी मी सोहारच्या कंपनीकडे केली. उत्तर आले: नोंद घेतली आहे. मी स्मरणपत्र पाठवले. नोंद घेतली असल्याची पुन्हा नोंद घेण्यात आली.

आता दत्ताराम.

दत्ताराम वेंगुर्ल्याच्या पुढचा, पाइपफिटर. उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करण्यास इथे कायद्याने बंदी आहे, आणि त्या वेळात यार्डात पडलेल्या मोठ्या नळांत शिरून माणसे सावलीला झोपत. मी त्यांना उठवत हिंडे. एका नळातून दोन पाय बाहेर आलेले दिसले, ते मी ओढले. आतून आवाज आला, “कोण तो मेलो?” मग डोके बाहेर आले, मला पाहून म्हणाले, “सायबानू तुमी? माका वाटला, कुत्रो इलो.”

मी त्याला नियम समजावून सांगितला. त्याने तो मांडी घालून सगळा ऐकला आणि म्हणाला, “तुमी बामणाचे काय ओ? सत्यनारायण आयकल्यासारख्या वाटला.”

त्यानंतरच्या शुक्रवारी तो मासे घेऊन माझ्या खोलीवर आला. का आला हे त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही. मग तो दर शुक्रवारी येऊ लागला. बंदरावरून सुरमई आणायची, माझ्या ओट्यावर वाटण करायचे, मला कांदा कापायला बसवायचे आणि मी बरोबर कापत नाही म्हणून ओरडायचे. मी जेवणानंतर पत्रे लिही आणि तो शेजारी आडवा पडे.

“आज कोणाक कागद?” तो विचारी.

“कंपनीला.”

“काय चुकला कंपनीचा?”

“शब्द.”

“सायबानू,” तो डोळे मिटून म्हणे, “तुमच्या बायलेक असा कागद लिवा एकदा. ती उत्तर देतली.”

मी लिहिले नाही. पण सोहारमध्ये मला ओरडणारे, माझ्यावर हसणारे, माझ्या खोलीत चप्पल काढून येणारे माणूस तेवढे एकच होते, हे इथे लिहून ठेवतो.

घटना अशी. कारखान्याच्या वार्षिक दुरुस्तीत स्टेनलेस स्टीलचा एक रुंद नळ जोडायचा होता. असा जोड वितळवताना आतल्या बाजूला प्राणवायू लागला तर तो काळा पडून ठिसूळ होतो. म्हणून नळात थोड्या अंतरावर फोमचा बोळा बसवून आत आर्गन सोडतात. आर्गन विषारी नाही. त्याला रंग नाही, वास नाही. तो फक्त प्राणवायूची जागा घेतो, आणि हवेपेक्षा जड असल्याने रांजणात पाणी राहावे तसा नळात राहतो. हा नळ उभा होता आणि त्याचे उघडे तोंड छातीच्या उंचीवर होते. जोड पूर्ण झाला आणि बोळा काढायचा होता. हात पुरेना म्हणून दत्ताराम खांद्यापर्यंत आत वाकला. मी कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला एका टाकीवर होतो. त्या नळासाठी मला बोलावलेच नव्हते, कारण कंपनीच्या नियमपुस्तकाप्रमाणे जिथे माणूस पूर्ण शरीराने शिरतो तीच बंदिस्त जागा. डोके आत गेले म्हणजे माणूस आत गेला, ही दुरुस्तीही मी पूर्वीच सुचवली होती. तिचीही नोंद घेतलेली होती.

त्याला बाहेर काढले तेव्हा उशीर झाला होता.

त्याच आठवड्यात गावाहून त्याच्या धाकट्या भावाचा मला फोन आला. “कंपनीचो साहेब बोललो, चूक त्येचीच. म्हणजे काय केल्यान त्येना? पिऊन होतो काय?”

“नाही हो. तो कामावर कधी पीत नसे.”

“मग? गावात सगळे इचारतत. वयनी कोणाच्या दारात जाणा नाय. माणूस गेलो तो गेलो, वर असो गेलो. आमी काय सांगूचा लोकांका?”

मी त्याला शब्द दिला की जे खरे आहे ते कळवीन. इतके दिवस मी नियमांसाठी भांडत आलो होतो. या वेळी एका माणसाच्या नावासाठी भांडायचे होते.

कंपनीच्या चौकशी समितीत तिघे होते. अध्यक्ष सुरक्षा विभागाचे ओमानी प्रमुख सालिम, फार कमी बोलणारे. दुसरे मनुष्यबळ खात्याचे निमकर, आपल्याकडचेच, राजधानीतल्या कुरुम भागात मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत पहिल्या रांगेत बसणारे. तिसरा टिपणे घेणारा. मला तांत्रिक साक्षीदार म्हणून बोलावले होते. अहवालाचा मसुदा चौकशीपूर्वीच तयार होता. त्यातले वाक्य असे: मयत कामगाराने विनापरवाना प्रवेश केल्यामुळे, स्वतःच्या निष्काळजीपणाने, मृत्यू ओढवला.

मी हरकत घेतली. “या जागेला परवान्याची आवश्यकता नाही असे आपलेच नियमपुस्तक म्हणते. जिथे परवाना लागतच नाही, तिथे तो विनापरवाना कसा शिरला?”

निमकर मराठीत हळूच म्हणाले, “अहो साहेब, शब्दांचा कीस कशाला पाडताय? माणूस तर परत येत नाही ना?”

“म्हणूनच पाडतो,” मी म्हणालो. “तो येऊन स्वतः पाडू शकत नाही.”

मग इलियासला आत बोलावले. इलियास बिहारचा, मुलाबाळांचा, सिलिंडरच्या व्हॉल्व्हपाशी उभा राहण्याचे काम करणारा. तो खुर्चीवर बसायला तयार होईना. हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, “साहब, मैंने झूठ नहीं बोला. दत्ता भाई झुकने से पहले पूछा, अंदर हवा है? मैंने बोला, है, सुबह से चालू है. हवा तो थी साहब.”

निमकरांनी ते टिपणे घेणाऱ्याला इंग्रजीत सांगितले आणि त्याने लिहिले: आत हवा उपलब्ध होती असे साक्षीदाराने सांगितले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चार शतकांपूर्वीच्या त्या म्हाताऱ्याने जी गोष्ट सुटी केली होती, ती या वातानुकूलित खोलीत, सुशिक्षित माणसांच्या देखत, एका ओळीत पुन्हा एकत्र केली जात होती. मी उठून उभा राहिलो आणि मोठ्याने बोलू लागलो. काय बोललो ते मला धड आठवत नाही. निमकर “प्लीज, प्लीज” म्हणत होते.

सालिम यांनी हात वर करून मला थांबवले. त्यांनी इलियासकडे पाहिले आणि हिंदीत विचारले, “कौन सा हवा?”

इलियासला प्रश्नच कळला नाही. “हवा, साहब.”

“हमारा भाषा में भी हवा बोलता है,” सालिम म्हणाले. “पंखा का हवा? या कौन सा?”

“नहीं साहब. बोतल का. आर्गन.”

इलियास एकेकाच्या तोंडाकडे पाहत होता. मग त्याला समजले. तो जमिनीवर बसला आणि डोके गुडघ्यांत घालून, “या अल्लाह, वो तो सांस का पूछ रहा था,” असे पुन्हा पुन्हा म्हणू लागला. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. तो खोटे बोलला नव्हता आणि दत्तारामने ऐकण्यात चूक केली नव्हती. दोघांनी एकच शब्द वापरला होता, आणि त्या एका शब्दाने एकाला मारले व दुसऱ्याला जन्मभरासाठी जखमी केले.

‘विनापरवाना प्रवेश’ आणि ‘स्वतःच्या निष्काळजीपणाने’ हे शब्द अहवालातून गेले. त्यांच्या जागी ‘संवादातील त्रुटीमुळे’ असे आले. हे दोन शब्द वाचून मी शांत व्हावे अशी अपेक्षा होती. मी लिहून मागणी केली की ‘मयताने वाकण्यापूर्वी आत हवा आहे का, अशी विचारणा केली होती’ हे वाक्य अहवालात घालावे. उत्तर आले की तोंडी विचारणा ग्राह्य धरता येत नाही. मी लिहिले, की मग तोंडी उत्तराने माणूस मेला हे तरी कसे ग्राह्य धरले? त्याला उत्तर आले नाही.

सालिम यांनी मात्र आपल्या अधिकारात आदेश काढला. कामाच्या जागी ‘हवा’ हा शब्द वापरण्यास मनाई. प्रत्येक वायूचे नाव उच्चारायचे. डोके आत घालायचे असले तरी आधी मीटर. कामगारांना हसायला नवा विषय मिळाला. गाडीच्या चाकात हवा भरताना एकमेकांना म्हणत, “ए, हवा मत बोल, बुढ्ढा फाइन मारेगा!” मी ऐकून न ऐकल्यासारखे करत असे. हसता हसता का होईना, त्यांची जीभ अडखळत होती, आणि मला तेवढेच हवे होते.

मंडळाच्या कार्यक्रमांचे निरोप त्यानंतर कमी झाले. कुरुमच्या गणपतीत मी सोहारहून गाडी चालवत गेलो, तेव्हा निमकरांच्या सौभाग्यवती ताट वाढताना म्हणाल्या, “काका, तुम्ही फार ताणता हो.” मी ताट घेऊन शेवटच्या रांगेत बसलो. शेजारी शाळकरी मुले इंग्रजीत गप्पा मारत होती. माझ्याकडे पाहून एकाने खुर्ची थोडी सरकवली, मला जागा व्हावी म्हणून की अंतर व्हावे म्हणून, हे ठरवता आले नाही.

आता मी निवृत्त आहे. रुसैलमध्ये आठवड्यातले काही दिवस नव्या माणसांना शिकवतो. पुण्याला परत जावे असे सर्वजण सुचवतात; पण तिथे माझ्या नसण्याची सर्वांना इतकी व्यवस्थित सवय झाली आहे, की ती मोडणे मला जिवावर येते. शुक्रवारी बाहेर जेवतो. मासे घरी करत नाही.

गेल्या सुट्टीत मी वेंगुर्ल्याच्या पुढे दत्तारामच्या घरी गेलो. अहवाल बदलल्याचे फोनवर भावाला कळवले होतेच, पण काही गोष्टी समक्ष सांगायच्या असतात. पडवीत त्याचा भाऊ होता, शेजारचे दोघे-तिघे आले. दत्तारामची पत्नी सुनंदा दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मी सुधारलेला अहवाल काढला आणि मराठीत अर्थ सांगत वाचू लागलो. कलमे, उपकलमे. ‘संवादातील त्रुटीमुळे’पर्यंत पोहोचलो.

“म्हणजे काय?” तिने विचारले.

“म्हणजे निष्काळजीपणा काढून टाकला, वहिनी. त्याची चूक नव्हती असे कंपनीने मान्य केले.”

ती जराही खूश झालेली दिसली नाही. “तो तसो नव्हतो ह्या माका ठावक आसा,” ती म्हणाली. “तुमका ठरवूक इतके दिवस लागले?”

शेजारच्यांपैकी एक जण कागदाकडे पाहत म्हणाला, “तरीपण, आत डोका घालूच्या आधी माणसान बगूक व्हया ना?” भावाने मान खाली घातली. माझ्या लक्षात आले की मी इतके भांडून हे कागद आणले, आणि या पडवीत त्यांनी काहीच बदलले नव्हते.

मी अहवाल पिशवीत ठेवला.

“बघितले नाही, पण विचारले होते,” मी म्हणालो. “वाकण्याआधी त्याने थांबून विचारले, आत हवा आहे का म्हणून. समोरच्याने आहे सांगितले. दोघांच्या मनात वेगळी हवा होती. पण त्याने विचारले. साक्षीदाराने माझ्यासमोर सांगितले. हे अहवालात नाही. मी ते घालायला सांगतो आहे, अजूनही लिहितो आहे, पण ते घालत नाहीत.”

सुनंदा चौकट सोडून पडवीत आली.

“इचारल्यान?”

“हो.”

“आत जावच्या आधी?”

“हो वहिनी. आधी.”

ती त्या शेजाऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. “आयकलात?” ती मोठ्याने म्हणाली, पलीकडच्या घरापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. “इचारल्यान हो त्येना. इचारून मगे वाकलो.”